पट्टी कुणाची, पाणी कुणाचं?

मार्चची अखेर आली की आमच्या वस्तीवर पंचायतीचा शिपाई येतो. एरवी वर्षभर तो इकडं फिरकत नाही. गटार तुंबली, खांबावरचा दिवा गेला, तेव्हा त्याला वस्तीची वाट सापडत नाही. मार्चमध्ये बरोबर सापडते. हातात बिलांचा गठ्ठा. दारात उभा राहून नाव पुकारतो. आमच्या दारात तो जे नाव पुकारतो ते माझ्या आज्याचं. आजा जाऊन वीस वर्षं झाली. बापही गेला. तरी घरपट्टी येते आज्याच्याच नावानं. आई आतनं म्हणते, "हाय, हाय. ठिवा उंबऱ्यावर." जसा काही आजा आत निजलाय.

मी बारामतीला एमआयडीसीत गिरणीत कामाला आहे. खोली भाड्याची, शहरात. घर इंदापूर तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही. तुमच्या कुणाच्याही गावाचं नाव तिथं घातलं तरी काही बिघडणार नाही.

ह्या खेपेला सुट्टीला गेलो तेव्हा विहारात पोरांची बैठक होती. विषय घरपट्टीचा. आमच्यातला एक जण तापून बोलला. "रस्ता न्हाय, गटार न्हाय, रातचा उजेड न्हाय. पट्टी कशाची भरायची? बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली. आपण बिलं जाळू." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, अंगावर काटाही आला.

पण रात्री झोप येईना. मनात एकच गोष्ट घोळत राहिली. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे जाळलं आणि आम्ही जे जाळायला निघालोय, ती दोन्ही कागदं एकाच जातीची आहेत का? मनुस्मृतीत आपल्याला काही देणं लागत होतं का कुणी? तिच्यात आपल्या नावापुढं फक्त शिक्षा लिहिलेली. बिलात आपल्या नावापुढं रक्कम लिहिलेली आहे. ज्याच्या नावापुढं रक्कम लिहिली जाते त्याला उलट हिशोब विचारता येतो. असं मला त्या रात्री वाटलं. खरं का खोटं ते तपासायला मी सकाळी उठून आईच्या ट्रंकेतनं बिल काढलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. दरसाल पैसे मीच पाठवतो, पण वाचलं कधी नव्हतं. आपण सगळे असंच करतो. भीतीनं भरतो नाहीतर रागानं भरत नाही. वाचत कुणीच नाही.

दोस्तहो, आधी बिल वाचू. भांडण मग करू.

खेड्यातली घरपट्टी 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं लागते. त्यातलं कलम 124 पंचायतीला कर बसवायचा अधिकार देतं. बिलावर घरपट्टी असते, दिवाबत्ती कर असतो, आरोग्य म्हणजे सफाईचा कर असतो, पाणीपट्टी असते. पाणीपट्टीत दोन प्रकार. सामान्य पाणीपट्टी आणि विशेष पाणीपट्टी. विशेष म्हणजे ज्याच्या घरात खाजगी नळ आहे त्याची. सामान्य म्हणजे गावातल्या सार्वजनिक पाण्यासाठी सगळ्यांची. आमच्या वस्तीतल्या निम्म्या लोकांना हा फरक ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. घरात नळ नसताना विशेष पाणीपट्टी लावली असेल तर ती चूक आहे आणि ती लेखी दुरुस्त करून मागता येते.

पंचायतीच्या वह्यांना नंबर असतात. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची वही. कुणाचं घर, किती लांबी-रुंदी, मातीचं का विटांचं का सिमेंटचं, कर किती, ते तिच्यात. नमुना 9 म्हणजे मागणीची वही. मागची बाकी किती, चालू किती, वसूल किती. नमुना 10 म्हणजे पावती. ह्या तीन वह्यांत आपलं अख्खं बिऱ्हाड बसलेलं असतं. गावात भाऊसाहेबांकडं म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं, पूर्वीच्या ग्रामसेवकाकडं, ह्या वह्या असतात. ह्या वह्या सरकारी कागद आहेत. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानं त्यांची नक्कल मागता येते.

कर ठरतो कसा? 2015 च्या अखेरीस नियम बदलले. पूर्वी घराच्या क्षेत्रफळावर पट्टी होती. आता घराच्या भांडवली मूल्यावर आहे. जमिनीचा सरकारी दर धरायचा, बांधकामाचा दर धरायचा, घर जितकं जुनं तितकी घट धरायची, राहतं घर का दुकान का कारखाना ते बघायचं. मग जी किंमत येईल तिच्यावर दर हजाराला काही पैसे. समजा आमच्या घराची अशी किंमत 2 लाख निघाली आणि पंचायतीनं हजाराला 60 पैसे दर ठरवला. तर 200 गुणिले 60 पैसे. झाले 120 रुपये. एवढं साधं गणित आहे. पण हे गणित भाऊसाहेबाच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं की ते मंत्रासारखं वाटायला लागतं. ज्यांना मंत्र ऐकायचीही बंदी होती त्यांच्या नातवंडांनी तरी आकड्याला मंत्र समजू नये.

आता शहराकडं या. मी राहतो त्या खोलीचं बिल मालकाला येतं. मला वाटायचं आपला काय संबंध, आपण भाडेकरू. एकदा भाडं वाढलं. मालक म्हणाला, "पट्टी वाढली." तेव्हा कळलं की बिल त्याच्या नावानं येत असलं तरी भरतो मीच. भाड्याच्या आत दडवून भरतो. पावती मात्र त्याच्या नावाची.

बारामती आणि इंदापूर, दोन्ही ठिकाणी नगरपरिषद आहे. तिथं खेड्याचा नाही, 1965 चा नगरपरिषदांचा कायदा चालतो. त्यात जुनी रीत करयोग्य मूल्याची. म्हणजे घर वाजवी भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल ते धरायचं, त्यातनं दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करायचे. समजा खोलीचं वाजवी भाडं महिना 1,000. वर्षाचे 12,000. त्यातनं 1,200 वजा. उरले 10,800. ह्या आकड्यावर टक्क्यानं पट्टी. नगरपरिषदेला भांडवली मूल्याची रीतही घेता येते. दर 4 वर्षांनी आकारणीची नवी यादी होते. यादी लागली की हरकत घ्यायला निदान 30 दिवस मिळतात. ज्याला ह्या 30 दिवसांचा पत्ता आहे तो अर्ज देतो, सुनावणीला जातो, पट्टी कमी करून घेतो. ज्याला पत्ता नाही तो 4 वर्षं बोंबलतो. थकबाकीवर कायद्यात दरमहा 2 टक्के शास्ती आहे. वर्षाला 24 झाले. सावकाराला आपण शिव्या देतो, पण बिलाच्या मागची बाजू वाचत नाही.

शहरातल्या बिलात आणखी एक ओळ असते. शिक्षण कर. तो नगरपरिषदेचा नाही. 1962 च्या कायद्यानं तो राज्य सरकारचा आहे, नगरपरिषद नुसती गोळा करून देते. दुकान, गोडाऊन अशा राहत्या घराव्यतिरिक्तच्या इमारतींवर रोजगार हमीचाही कर असतो. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला आमच्या आज्ज्या गेल्या. त्या रोजगार हमीचा पैसा असा शहराच्या बिलातनंही आलेला आहे. तांदुळवाडी, जळोची, रुई ही आधी गावं होती, आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत. तिथल्या माणसाचं घर जागचं हललं नाही, पण त्याचा कायदा बदलला. 1958 मधनं तो 1965 मध्ये आला. बिलाचा रंगही बदलला.

हे झालं वाचन. आता खरी गोष्ट.

आमच्या आज्याच्या आज्याला बिल येत नव्हतं. त्याला हाळी यायची. गावकीची कामं, सांगावे, मेलेली ढोरं ओढणं, सरकारी साहेबाच्या घोड्यापुढं पळणं. बदल्यात वतनाचा तुकडा आणि शिळ्या भाकरी. त्याला हिशोब नव्हता. किती कामाला किती भाकरी हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. मागायचं ते हात पसरून. मिळायचं ते वरून टाकलेलं. बलुतं म्हणतात त्याला. काही लेखक त्याचं गोड वर्णन करतात, गावगाडा कसा सुरळीत चालायचा म्हणून. गाडा चालायचा खरा. चाकाखाली कोण होतं ते विचारायचं नाही.

आणि वर त्या वतनी जमिनीवरही जुडी म्हणून सारा होता. म्हणजे राबायचं फुकट आणि भरायचंही. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. 1941 च्या ऑगस्टात सिन्नरला परिषद भरली ती ह्याच वाढीव साऱ्याच्या विरोधात. तेव्हा बाबासाहेबांनी कर न देण्याची भाषा केली होती. हे मी लपवत नाही. उलट आमच्या तापलेल्या दोस्ताच्या बाजूचा हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे. पण तो कर कशावर होता ते बघा. गुलामीच्या बदल्यात दिलेल्या तुकड्यावर होता. तो भरला काय, न भरला काय, आपण गावाचे भागीदार होत नव्हतो. 1958 च्या कायद्यानं ती कनिष्ठ वतनंच गेली. त्याच साली ग्रामपंचायतीचा कायदा आला. एकाच सालात हाळीचा कायदा गेला आणि बिलाचा आला. योगायोग असेल. पण मला तो विसरता येत नाही.

करावर आपल्यातल्या मोठ्या माणसांनी आधीच विचार केलेला आहे. 1882 साली हंटर आयोगापुढं जोतिबा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यातली एक मुख्य तक्रार हीच, की सरकारी महसुलातला मोठा वाटा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ वरच्या थराला. बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध 1925 साली ग्रंथ म्हणून छापून आला. पैसा कोण गोळा करतो, खर्च कोण करतो, जाब कोण कुणाला देतो, ह्याची त्यात चिरफाड आहे. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो. कराचं बिल मात्र आपल्याला क्षुल्लक वाटतं. त्यांना वाटलं नव्हतं.

आता प्रश्न असा. सेवा मिळत नसेल तर कर द्यावा का?

सरळ उत्तर आहे, देऊ नये. दुकानदारानं माल दिला नाही तर आपण पैसे देत नाही. हे उत्तर मला बरेच दिवस पटलेलं होतं. पण ते थोडं पुढं ढकलून बघा. पैसे दिले तर माल मिळेल, म्हणजेच जो जास्त पैसे देईल त्याला जास्त माल मिळेल. मग पेठेतला व्यापारी म्हणणार, आमची पट्टी हजारांत, वस्तीची शेकड्यात, तर आधी आमचा रस्ता. आणि तो तसं म्हणतोच. मी ऐकलंय. "तुमी भरता किती आणि मागता किती?" हे वाक्य ऐकलं नाही असा एक तरी कार्यकर्ता दाखवा. आपणच दुकानाचा न्याय धरला की त्या वाक्याला आपल्याकडं उत्तर उरत नाही. दुकानात गरीब माणूस कायम शेवटी उभा असतो.

म्हणून मला चवदार तळ्याकडं परत जावं लागलं. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोल्यांचा, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातनं बांधलेले, सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पाण्यात उतरले. ठरावात शब्द आहे सार्वजनिक पैसा. पण तळ्यावर उतरलेल्या हजारो माणसांपैकी कुणी पावती दाखवून पाणी प्यायला का? महाड नगरपालिकेची पट्टी भरलेली किती माणसं होती त्यांत? लांबलांबच्या खेड्यांतनं आलेली माणसं होती ती. त्यांनी ओंजळ भरली ती माणूस म्हणून. माणूस आधी, करदाता मागनं.

हे मला समजलं तेव्हा बिलाची जागाही समजली. हक्क पावतीतनं येत नाही. हक्क आधीच असतो. पावती फक्त तो हक्क नाकारणाऱ्याच्या तोंडावर धरायला उपयोगी पडते.

आणि खरं म्हणाल तर कर न भरणारा माणूस ह्या देशात कुणीच नाही. इंग्रजाच्या वेळी मिठावर कर होता. ज्याच्या घरात मिठाशिवाय काही नव्हतं तोही तो भरत होता. आज साबणाची वडी, बिस्किटाचा पुडा, मोबाईलचा रिचार्ज, सगळ्यात जीएसटी आहे. आई खुरपायला जाते तिथनं येताना दुकानात जे देते त्यात सरकारचा वाटा असतो. त्याची पावती तिच्या नावानं फाटत नाही एवढंच. तेव्हा "तुमी भरता किती" म्हणणाऱ्याला हे सांगावं. आणि हेही सांगावं, की सारखा दर म्हणजे सारखं ओझं नव्हे. आमचे 120 रुपये म्हणजे आईची उन्हातली खुरपणी. बागायतदाराचे हजार म्हणजे त्याच्या उसाच्या एका मोळीचाही हिशोब नाही. नीरेच्या कालव्याचं पाणी ज्याच्या शेतात जातं आणि ज्याच्या घराशेजारनं नुसतं वाहत जातं, त्या दोघांना पाणी ह्या शब्दाचा अर्थ एक नाही.

इथं एक दुसरा प्रश्न मला छळतो. पट्टी थकली म्हणून नळ तोडतात. वसुलीचा क्रम असा: बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्ती. तो कागदोपत्री आहे. पण पाणी तोडणं सोपं असतं, म्हणून आधी हात तिकडं जातो. मी म्हणतो, पैशाच्या वसुलीला दुसरे रस्ते आहेत. पिण्याचं पाणी तोडणं ही गावाची फार जुनी शिक्षा आहे. बहिष्कारात पहिल्यांदा हेच करतात. विधवा बाईचा नळ 300 रुपयांसाठी तोडणारा कारकून भले कायद्याचा कागद हातात धरून आलेला असेल, तो जुन्या गावाचंच काम करतो. कर बुडवणं गैर असेल, तर तहान लावून कर वसूल करणं त्याच्याहून गैर आहे. ह्यावर आपण सगळ्यांनी एकत्र उभं राहिलं पाहिजे, मग ती विधवा कुठल्याही जातीची असो.

मग पट्टी जाळायची का नाही?

माझं उत्तर आहे, नाही. ह्याचं एक कारण अगदी व्यवहारी आहे. ग्रामपंचायत कायद्याचं कलम 14 वाचा. मागणी केल्यापासून 3 महिन्यांत कर भरला नाही तर माणूस पंचायतीचा सदस्य व्हायला आणि राहायला अपात्र ठरू शकतो. आपली राखीव जागा कशीबशी निघते. आपली बाई उभी राहते. आणि अर्जाच्या छाननीत कुणीतरी उठून थकबाकीचा कागद पुढं करतो. त्या कागदाला आपणच शाई पुरवायची का? बिलं जाळून आपण विहारापुढं एक रात्र उजेड पाडू. पंचायतीत मात्र पाच वर्षं अंधार.

दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनी गावाची आरती ओवाळायला नकार दिला. राज्यघटनेचा घटक गाव नाही, व्यक्ती आहे, ही त्यांची भूमिका. पण आपल्या नशिबी गाव अजून आहेच. मतदानाच्या यादीत आपण एक माणूस, एक मत. नमुना 8 मध्ये एक घर, एक ओळ. आणि गावाच्या नजरेत अजून एक वस्ती, एक जात. ह्यातली पहिली दोन मापं आपल्या बाजूची आहेत. तिसरं माप मोडायचं तर पहिली दोन घट्ट धरायला पाहिजेत. नमुना 8 मधली ओळ ही गावानं लिहून दिलेली कबुली आहे, की हे घर गावात आहे. गावकुसाबाहेर नाही. ती ओळ स्वतःच्या हातानं पुसू नका.

एक सावधगिरी मात्र सांगतो. नमुना 8 म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. तो फक्त कराचा पुरावा. पट्टी लावली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असंही नाही. कित्येक जण त्या उताऱ्यावर विसंबून फसलेत. पुरंदर तालुक्यात सोनोरीला आधी ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली. मग 2020 पासून स्वामित्व योजना देशभर निघाली. त्यात मिळकत पत्रिका मिळते. आपल्या वस्तीची मोजणी झाली का, आपलं घर नकाशात कुणाच्या नावानं पडलं, हे बघून घ्या. मोजणीच्या दिवशी आपण उसाच्या फडात असतो आणि शेजारी हजर असतो, हे लक्षात ठेवा.

आणि भरायचं तर कसं भरायचं? मुकाट नाही. पावती घेऊन, ओळ वाचून, सोबत लेखी मागणी देऊन. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असा शासनाचा नियम आहे. ते उत्पन्न म्हणजे हीच घरपट्टी, पाणीपट्टी. पेठेतल्या व्यापाऱ्याच्या पट्टीतलाही तो वाटा आहे. ग्रामसभेत उभं राहून विचारा, यंदाचे 15 टक्के किती झाले, कशावर गेले, राहिले असतील तर कुठं आहेत. मी बघितलंय, ह्या एका प्रश्नानं सभेतला पंखा बंद पडल्यासारखं होतं. घोषणेनं तसं होत नाही. घोषणेची गावाला सवय झालीय.

हे सगळं त्या दोस्ताला सांगितलं. तो म्हणाला, "तू गिरणीत ऱ्हाऊन थंड झालास." असेन. गिरणीत थंड कुणी होत नाही म्हणा, पण असेन. मी त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर पंचायतीत. तो आला. आईही आली.

आज्याच्या नावाच्या जागी वारस नोंद करायची होती. 2003 च्या शासन निर्णयापासून घरावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावायची सोय आहे. बाप असता तर दोघांचं लावलं असतं. आता आईचं एकटीचं. मृत्यूचे दाखले, अर्ज, वारसांची संमती, सगळं घेऊन गेलो. भाऊसाहेबांनी पहिला प्रश्न केला, "थकबाकी?" आईनं पिशवीतनं पावत्या काढल्या. रबर लावलेला गठ्ठा. काही आज्यानं भरलेल्या, काही बापानं. कडा उंदरानं खाल्लेल्या. एकही साल चुकलेलं नव्हतं. मी आईला कायम म्हणायचो, ही तुझी भीती आहे, गावाला भिऊन भरतीस. त्या दिवशी ती म्हणाली, "भिऊन न्हाय रं. उद्या कुणी म्हणाय नको, तुमचं काय हाय हितं."

भाऊसाहेबांनी जुनी वही उघडली. आज्याच्या नावापुढं आडनावाच्या जागी जात लिहिलेली. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पण वहीतला तो शब्द तसाच बसून होता, वाळलेल्या शाईत. दोस्त उसळला. आईनं त्याचा हात धरला आणि भाऊसाहेबांना शांतपणे म्हणाली, "भाऊसाहेब, नव्या वळीत ह्यो शबूद नगा लिवू. आमचं आडनाव हाय, ते लिवा." त्यांनी लिहून घेतलं.

महिन्याच्या सभेत नोंद झाली. बिलं जाळली गेली नाहीत. बावीस घरांनी आपापली नमुना 8 ची नक्कल काढली. त्यात तीन घरांना नळ नसताना विशेष पाणीपट्टी लागलेली निघाली. अर्ज दिलेत. गटारीचा अर्जही दिला, 15 टक्क्यांचा हिशोब मागणाराही दिला. पोच घेतलीय. उत्तर आलेलं नाही. गटार अजून तशीच आहे, पावसाळ्यात पाणी घरात येईल.

पुढच्या ग्रामसभेला मी रजा काढून जाणार आहे. तुमच्या गावची ग्रामसभाही त्याच सुमाराला असेल. जाताना पावत्या घेऊन जा.

जय भीम.